शुद्ध रक्ताचा हव्यास

घरी कुत्रा आणावयाचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘जात कोणती?’ हा. त्यापाठोपाठ दुसरा येतो तो ‘कागद आहेत का?’ हा. जात नावाजलेली असली, कागदांवर शिक्का असला आणि आईबापांपैकी एखाद्याने प्रदर्शनात पदक मिळविलेले असले, की घेणारा निर्धास्त होतो आणि विकणारा किंमत वाढवितो. परंतु त्या पिल्लाचे आई आणि बाप परस्परांचे कोण लागतात, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते या तीन प्रश्नांत अगत्याचा प्रश्न तोच आहे. कारण पिल्लू सुखाने जगणार की त्याचे निम्मे आयुष्य पशुवैद्याच्या दारात जाणार, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

गेल्या काही दशकांत आमच्या गोमंतकात, आणि सीमेपलीकडे बेळगाव-कारवारकडेही, विलायती जातीचे कुत्रे पाळण्याची हौस पुष्कळ वाढली आहे. हौसेला आमचा विरोध नाही. मुक्या प्राण्यावर माया करणे हा माणसाचा चांगला गुण आहे, आणि धर्मराजाने ज्याला टाकून स्वर्गात पाऊल घालण्याचे नाकारले त्या प्राण्याविषयी आपल्या समाजाला परकेपणा वाटण्याचे कारणही नाही. आमची तक्रार आहे ती ‘शुद्ध रक्त’ या शब्दाच्या मोहाविषयी. शुद्ध रक्त म्हणजे निरोगी रक्त, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. शास्त्राचा अनुभव मात्र पुष्कळदा याच्या उलट आहे.

त्यामागील कारण समजण्यास कठीण नाही. प्रत्येक प्राण्याच्या शरीरात जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून आलेली. एकाच कुलपाच्या घरात दोन किल्ल्या असाव्यात तसा हा प्रकार आहे. एक किल्ली बिघडली तरी दुसरीने दार उघडते आणि बिघाड कोणाच्या लक्षातही येत नाही. असे झाकलेले बिघाड प्रत्येक प्राण्याच्या ठायी थोडेफार असतातच. माणूसही त्याला अपवाद नाही. आईबाप परस्परांचे कोणी लागत नसतील तर दोघांचेही बिघाड निरनिराळ्या ठिकाणी असण्याचा संभव अधिक, आणि संतती सुरक्षित राहते. पण आईबाप एकाच रक्ताचे असले तर दोघांपाशीही तीच बिघडलेली किल्ली असण्याचा संभव वाढतो. मग एखाद्या पिल्लाच्या वाट्याला दोन्ही किल्ल्या बिघडलेल्याच येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिलेला रोग एकाएकी उघड होतो. यालाच अंतःप्रजननाचे संकट म्हणतात. त्याचे स्वरूप एखाद्या ठळक रोगापुरते मर्यादित नसते. वेतातील पिल्लांची संख्या घटते, जन्मलेली काही लवकर दगावतात, रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते आणि आयुर्मान कमी होते.

हे नाते अंकांनी मोजण्याची रीत सिव्हॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1922 साली घालून दिली. परस्परांशी नाते नसलेल्या आईबापांच्या संततीचा अंक शून्य. चुलत किंवा मावस भावंडांच्या संततीचा 6.25 टक्के; सावत्र भावंडांच्या संततीचा 12.5 टक्के, आणि सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संततीचा 25 टक्के. स्पेनच्या हॅब्सबर्ग घराण्यात राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच विवाह होत राहिले. त्या घराण्यातील शेवटचा राजा दुसरा चार्ल्स जन्मभर आजारी राहून 1700 साली निःसंतान वारला आणि त्याच्याबरोबर स्पेनमधील ते राजघराणेही संपले. त्याचे आईबाप मामा-भाची होते. परंतु मागील सर्व नाती धरून शास्त्रज्ञांनी काढलेला त्याचा अंक 25 टक्क्यांच्या किंचित वर जातो. आता कुत्र्यांकडे पाहा. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 227 जातींच्या सुमारे 49 हजार कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी करण्यात आली. त्यात जातींची सरासरी सुमारे 25 टक्केच निघाली. एका राजघराण्याचा जो अपवादात्मक शोकान्त म्हणून इतिहासात नोंदला गेला, तो शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या जगात नित्याचा प्रकार होऊन बसला आहे, असा याचा सरळ अर्थ आहे.

ही स्थिती निसर्गाने आणलेली नाही. माणसाने ती आणली, आणि तीही अलीकडे. कुत्रा माणसाच्या सोबतीला हजारो वर्षे आहे. या दीर्घ काळात मेंढपाळाने आपल्या कामाचा कुत्रा निवडला, शिकाऱ्याने आपल्या कामाचा निवडला. पण शेजारच्या खोऱ्यातील चांगला नर दिसला तर त्याच्याशी जोड लावण्यास कोणी हरकत घेत नसे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात हे चित्र पालटले. 1859 साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले आणि 1873 साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. प्रत्येक जातीची वंशावळीची वही तयार झाली, आदर्श रूपाचे नियम लिहिले गेले आणि हळूहळू त्या वह्या बाहेरच्यांना बंद झाल्या. वहीत ज्यांची नावे होती त्यांच्याच वंशजांना पुढे ‘शुद्ध’ म्हणावयाचे, असा दंडक पडला. पुष्कळ जातींच्या मूळ पुरुषांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यात दोन महायुद्धांनी युरोपातील कित्येक जाती मूठभर जनावरांवर आणून ठेवल्या. भरीस भर म्हणून प्रदर्शनात विजयी झालेल्या एखाद्याच नराकडे सारे पैदासकार धाव घेऊ लागले. एका नराची शेकडो पिल्ले झाली म्हणजे पुढच्या पिढीत ज्याची त्याची सोयरीक त्याच घराशी जुळणार, हे उघड आहे. विहीर वापरात आहे, पण तिला नवा झरा नाही; अशा विहिरीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते किती दिवस चांगले राहणार?

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी 2008 साली ब्रिटनमधील दहा जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या विहिरीची खोली कळून आली. वरवर पाहता या जातींत हजारो कुत्रे होते. पण आनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने हिशेब केला असता, एक अपवाद वगळता, प्रत्येक जातीची खरी संख्या 40 ते 80 जनावरांच्या कळपाएवढीच भरली. त्याच वर्षी बी.बी.सी.ने या विषयावरील एक माहितीपट दाखविला व इंग्लंडात खळबळ उडाली. क्रफ्ट्स हे तेथील सर्वांत मोठे श्वानप्रदर्शन. त्याचे प्रक्षेपण करणे बी.बी.सी.ने 2009 साली थांबविले. केनेल क्लबनेही त्याच वर्षापासून सख्ख्या भावंडांच्या आणि बाप-लेक किंवा आई-मुलगा यांच्या संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंद करण्याचे बंद केले. म्हणजे तोपर्यंत ती होत होती! माहितीपटात दाखविलेल्यांपैकी कॅव्हॅलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात दिसावयास अत्यंत गोजिरवाणी. पण वय वाढत जाईल तसतसा या जातीच्या बहुतेक कुत्र्यांना हृदयाच्या झडपेचा विकार जडतो आणि कित्येकांची कवटी इतकी लहान असते की मेंदूला पुरेशी जागा न मिळून मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. तो कुत्रा वेदनेने मानेजवळ हवेतच खाजवीत राहतो. या जातीची तोपर्यंत चालत आलेली पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याचा भंग करणारी आहे, असा निर्णय नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली दिला.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. उपाय असतो, तो करू दिला जात नाही. डाल्मेशियन या ठिपकेदार कुत्र्याची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. सर्वसाधारण कुत्र्याच्या यकृतात युरिक आम्लाचे रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात होते. डाल्मेशियनच्या अंगी हे घडत नाही. त्याच्या लघवीत युरिक आम्ल साचते, त्याचे खडे होतात आणि नरांच्या बाबतीत मूत्रमार्ग तुंबून प्राणावर बेतते. हा दोष कोणा एका घराण्याचा नव्हता, तो साऱ्या जातीत मुरलेला होता. शुद्ध म्हणविणाऱ्या एकाही डाल्मेशियनपाशी निकोप जनुक उरलेले नसल्यामुळे जातीच्या आतच जोड लावून तो घालविणे अशक्य होते. डॉ. रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने 1973 साली डाल्मेशियन मादीचा पॉइंटर जातीच्या नराशी एकदाच संकर केला आणि पुढील प्रत्येक पिढीत निरोगी पिल्ले निवडून त्यांचा संबंध पुन्हा डाल्मेशियनशीच लावला. पाचव्या पिढीत 32 भागांपैकी 31 भाग डाल्मेशियनचेच होते. ठिपके तेच, बांधा तोच, पण युरिक आम्लाचा दोष गेलेला. 1981 साली अमेरिकन केनेल क्लबने त्यांतील दोन कुत्र्यांची नोंदही केली. परंतु जातीच्या अभिमान्यांनी रक्त बाटल्याचा गलबला केला आणि पुढील नोंदणी थांबली. ब्रिटनमध्ये अशा कुत्र्यास 2010 साली मान्यता मिळाली आणि अमेरिकेत 2011 साली. बत्तिसाव्या एका भागाच्या विटाळापायी तीस वर्षे मुतखड्याच्या वेदना चालू ठेवण्यात आल्या. आपल्या समाजाने विटाळाच्या कल्पनेचे दुष्परिणाम पुष्कळ भोगले आहेत. त्यामुळे या कथेचे मर्म आम्हांस कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

माणसाची दृष्टी चुकली की काय होते हे डाल्मेशियनने दाखविले. निसर्गात वाट बंद झाली की काय होते ते अमेरिकेतील आइल रॉयल बेटावरील लांडग्यांनी दाखविले. सुपीरियर सरोवरातील या बेटावर 1940 च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या बर्फावरून काही लांडगे आले व त्यांचा वंश वाढला. 1980 च्या सुमारास त्यांची संख्या पन्नासच्या घरात होती. पुढे साथीच्या रोगाने ती घटली आणि उरलेल्यांत नात्यातच संबंध होत राहिले. पाठीच्या मणक्यांचे जन्मजात व्यंग त्यांच्यात वारंवार दिसू लागले. 1997 साली एक परका नर बर्फ ओलांडून आला आणि काही काळ कळपाला नवा जोम चढला. पण त्या एकाचीच संतती इतकी पसरली की काही पिढ्यांत सारे पुन्हा त्याचेच नातलग होऊन बसले. 2018 पर्यंत बेटावर अवघे दोन लांडगे उरले होते, तेही परस्परांचे अगदी जवळचे नातलग. अखेर 2018 व 2019 या दोन वर्षांत बाहेरून 19 लांडगे आणून सोडावे लागले. यातून दोन धडे मिळतात. नवे रक्त तारक ठरते, हा पहिला. ते एकाच नराचे असून भागत नाही, हा दुसरा.

पैदासकारांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. नात्यातील संबंधामुळे इच्छित गुण लवकर स्थिर होतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. आज ज्या जाती आपण ओळखतो त्या याच मार्गाने घडल्या. नात्यातील प्रत्येक पिल्लू रोगटच निघते असेही नव्हे, आणि मिश्र जातीचा प्रत्येक कुत्रा धडधाकट असतो असाही नियम नाही. चपटे नाक, खुजे पाय किंवा अतिरिक्त कातडी यांमुळे होणारे हाल हे निवडलेल्या रूपाचे फळ आहे, केवळ नात्याचे नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. किनाऱ्यावरील दमट उकाड्यात धापा टाकणारा पग हा मुख्यतः त्या रूपाचा बळी होय. हे सारे खरे असले तरी मुद्दा उरतोच. एकदोनदा केलेला नात्यातील संबंध ही एक गोष्ट आणि दीडशे वर्षे बंद दाराआड चालविलेली तीच रीत ही दुसरी. औषधाची मात्रा हेच जर रोज जेवण केले, तर दोष औषधाचा म्हणावयाचा की खाणाऱ्याचा?

मजेची गोष्ट अशी की जे शहाणपण माणसाने कुत्र्याच्या बाबतीत गुंडाळून ठेवले, ते स्वतःच्या आणि आपल्या गुरांच्या बाबतीत त्याने जपले आहे. आपल्या धर्मशास्त्राने सगोत्र विवाह वर्ज्य मानला आणि सपिंडाची मर्यादा पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत नेली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती अनुक्रमे पाच व तीन पिढ्यांवर आणली, पण तत्त्व सोडले नाही. त्या शास्त्रकारांना जनुके ठाऊक होती असा दावा आम्ही करीत नाही. दक्षिणेत मामेबहिणीशी लग्न करण्याची रूढी आहेच. तेव्हा आपले आचरण सर्वत्र निर्दोष होते असेही म्हणता येणार नाही. परंतु सोयरीक दुरून आणावी, ही जाणीव समाजाच्या अंगवळणी पडली होती. जाणत्या गोपालकाला हेच ठाऊक असते. वळूच्या लेकी वयात येण्यापूर्वी तो वळू बदलावा, हा त्याचा साधा नेम. ‘खाण तशी माती’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण एकाच खाणीतून किती काळ माती काढावयाची, याचाही विचार शहाण्याने करावयाचा असतो.

हा सारा विलायती गोष्टींचा पाल्हाळ नव्हे. त्याचा संबंध आमच्या अगदी उंबरठ्याशी आहे. बेळगावला लागून असलेल्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे एके काळी घोरपड्यांचे मराठी संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मुलखातील शिकारी लोकांपाशी असलेल्या सडपातळ, वायुवेगी कुत्र्यांची जोपासना केली आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना नजर केली. तोच हा मुधोळ कुत्रा. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्याच्या संशोधनाचे व पैदाशीचे केंद्र चालू झाले आणि 2016 साली मेरठ येथील लष्करी केंद्रात त्याची पिल्ले प्रशिक्षणासाठी गेली. 2020 साली पंतप्रधानांनी नभोवाणीवरील भाषणात देशी जातींचा पुरस्कार करताना त्याचे नाव घेतले. देशी कुत्र्याला आलेले हे दिवस पाहून आम्हांस आनंदच होतो. परंतु भीतीही वाटते. प्रतिष्ठा आली की मागणी येते, मागणी आली की घाई येते, आणि घाईत जो नर हाताशी असेल त्याचीच पैदास होते. राजापालयम, चिप्पीपराई, कोंबई, कन्नी या तामिळनाडूतील जातींपुढेही हाच धोका उभा आहे. इंग्लंडने दीडशे वर्षांत केलेली चूक आपण वीसपंचवीस वर्षांत करून मोकळे होऊ, अशी ही शंका आहे.

ही चूक टाळणे आज आपल्या हाती आहे, कारण मुधोळच्या आसपासच्या खेड्यांत, तसेच दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात, हे कुत्रे अजूनही शेतकऱ्यांच्या व धनगरांच्या दारी आहेत. कोणत्याही वहीत नाव नसलेले हे कुत्रे हीच त्या जातीची खरी ठेव होय. तेव्हा शासकीय केंद्रांनी व पशुवैद्यकीय विद्यापीठांनी आपल्या नोंदवह्या बंद करू नयेत. खेड्यापाड्यांतील चांगल्या कुत्र्यांना त्यांत प्रवेश असावा. एका नराकडून किती वेते घ्यावयाची, यावर मर्यादा असावी. प्रत्येक जोड लावण्यापूर्वी नात्याचा अंक काढणे सक्तीचे व्हावे. संगणकाच्या या काळात ते काम अवघ्या काही क्षणांचे आहे. केंद्र सरकारने 2017 साली श्वानपैदाशीचे नियम केले. पैदासकाराने नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता कामा नये, अशी बंधने त्यांत आहेत. नियम चांगले आहेत. पण जाहिरात देऊन घरच्या घरी पिल्ले विकणाऱ्यास कोणी नोंदणी विचारू लागल्याखेरीज ते कागदावरच राहतील.

जनुकीय चाचण्या आता आपल्या देशातही होऊ लागल्या आहेत. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र एका गोष्टीचे भान ठेवून. ज्या कुत्र्यापाशी रोगाची एकच बिघडलेली प्रत आहे तो स्वतः बहुधा निरोगी असतो. अशा साऱ्यांना सरसकट बाद केले तर आधीच अरुंद असलेला प्रवाह आणखी अरुंद होतो, आणि एक रोग घालविताना दुसरा बळावतो. त्याचा संबंध निर्दोष प्रतीच्या जोडीदाराशी लावणे व पुढे संततीतून निवड करणे, हाच विवेकाचा मार्ग होय.

वाचकांपैकी ज्यांना जातिवंत पिल्लूच हवे असेल त्यांनी वंशावळीचा कागद केवळ चौकटीत लावण्यासाठी घेऊ नये, तो वाचावा. आईकडच्या व बापाकडच्या बाजूला तीच नावे पुनःपुन्हा दिसत असतील तर ते भूषण न समजता धोक्याची सूचना समजावी. आईबापांच्या हृदयाची, डोळ्यांची व कमरेच्या सांध्यांची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. शक्य तर पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. जो पैदासकार या प्रश्नांनी चिडेल त्याच्याकडून पिल्लू न घेतलेले बरे. आणि ज्यांना केवळ राखण व सोबत हवी आहे, त्यांनी आपल्याच वाड्यावरच्या गावठी पिल्लाकडे एकवार पाहावे, अशी आमची सूचना आहे. त्याच्यापाशी कागद नाहीत, पण जी विविधता मिळविण्यासाठी डाल्मेशियनला तीस वर्षे झगडावे लागले ती त्याच्या अंगी जन्मतःच आहे. येथील पाऊस आणि ऊन त्याच्या पूर्वजांनी शेकडो पिढ्या सोसले आहे. त्याला लस टोचावी, त्याचे निर्बीजीकरण करावे, त्याला घरात आणावे. प्रेम करण्यात ते कोणत्याही जातिवंतास हार जाणार नाही.

कुत्र्याने आपली जात स्वतः निवडली नाही, आपला जोडीदारही निवडला नाही. ते दोन्ही निर्णय माणसाने त्याच्या वतीने घेतले. मग त्याच्या दुखण्याची जबाबदारीही माणसानेच घेतली पाहिजे. निदान पिल्लू विकत घेताना तो तिसरा प्रश्न विचारण्याइतकी तसदी तरी आपण घ्यावी. घेणारे विचारू लागले की विकणाऱ्यांना उत्तर तयार ठेवावेच लागेल.